सालईटेकची लाईन

९ फेब्रुवारी, रविवार

माझ्या मदतनीस डोमाने आज पुन्हा स्टाफ, म्हणजे उंची मोजायची आकड्यांची पट्टी, उलटा धरला. दुर्बिणीतून बघतो तर आकडे वरून खाली. ओरडलो, तर हा म्हणतो, "सायेब, मले वाटलं तुमाले पान्यातली सावली दिसून राहिली." या माणसाला घेऊन मला अख्ख्या बेटाचा किनारा मोजायचा आहे. कपाळ माझं!

बेट म्हणजे सालईटेक. आधी ही साधी टेकडी होती, पायथ्याशी गाव. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे सरकत आलं, गाव खाली गेलं, टेकडी तेवढी वर राहिली. बाकीचे लोक पुनर्वसनात गेले. ढिवरांची दहा-बारा घरं मात्र टेकडीवर चढली आणि तिथंच बसली. त्यांना दिलेली जागा मुरमाड माळावर, पाण्यापासून लांब. मासे मारणारा माणूस मुरमात काय करील? पण प्लॉट अजून त्यांच्या नावाने राखून आहेत.

यंदा पावसाळा सरताना धरण पूर्ण भरणार म्हणतात. तेव्हा पाणी कुठवर चढेल, ती लाईन मी आखायची. घरं लाईनच्या खाली आली तर लोकांना उठवून प्लॉटवर नेणार. वर आली तर राहू देणार. म्हणून सगळे माझ्या दुर्बिणीकडे बघतात, आणि दुर्बिणीमागे कोण, तर आंधळगावचा अश्वजित, कंत्राटी सर्वेअर, ज्याच्या एजन्सीने त्याला धड बूटही दिले नाहीत.

घरं खालीच येतील. मोजायचीही गरज नाही, डोळ्यांना दिसतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आमचं सामान यशोदाबाईंच्या पडवीत. साठीच्या असतील. नवरा नाही, मूल नाही, दीर बाबुलाल शेजारच्या घरात. बोलणं सरळ तोंडावर. काळा चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "आमचे घरं राह्यतीन का जातीन?"

"मोजल्यावर सांगतो, मावशी."

"मोजल्यावर तं दगडबी सांगल. तुले काय वाटते?"

मी चहात तोंड घातलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे जातीन."

दिवसभर दक्षिणेचा किनारा केला. बांबूत घुसायचं, काट्यांतून दुर्बीण मांडायची, मग कळतं की मध्ये धावड्याचं खोड आलं. नाला आडवा आला की पार करायला पुन्हा डोंगा, म्हणजे इथली लाकडी होडी. संध्याकाळी नकाशावर पाहिलं तर बोटाच्या पेराएवढा किनारा झाला होता. असं काम माणसाच्या वैऱ्यालाही लागू नये.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उंचीचं अडलं होतं. एजन्सीचा जीपीएस झाडाखाली वेड्यासारखं करतो, त्याच्या भरवशावर कुणाचं घर बुडवता येत नाही. धरणाच्या जुन्या मोजणीत या टेकडीवर एक बेंचमार्क आहे. म्हणजे नंबर आणि बाण कोरलेला दगड. त्याची उंची कागदावर पक्की, त्याच्यावरून बाकी सगळं मोजायचं. तीन दिवस शोधतोय. डोमा तर मुंग्यांच्या वारुळातही काठी घालून आला.

आज बाबुलाल म्हणाला, "बानवाला गोटा ना? मंग तसं सांगा ना! तो मातामायपाशी हाये."

घरांच्या मागेच मातामायचं ठाणं. ओटा, त्यावर शेंदराचे गोल गोटे आणि मधोमध उभा चौकोनी दगड. शेंदूर इतका चढलेला की मी रोज बाजूने जात होतो आणि एकदाही बघितलं नव्हतं. बघणार तरी कशाला, आपण नमस्कार करणाऱ्यातले नाही. यशोदाबाईंनी स्वतः तेलाच्या फडक्याने शेंदूर पुसला. खाली बाण. त्याला हे लोक त्रिशूळ म्हणतात. नंबर लावून पाहिला, तंतोतंत तोच.

बुडाशी सिमेंट दिसलं नाही. इतके पावसाळे गेले, उखडलं असेल. दगड मात्र मजबूत बसलाय, हलवून पाहिला. आज किती दिवसांनी पोटभर जेवलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हिशोब दोनदा केला. डोमाला बाहेर पाठवून तिसऱ्यांदा केला.

घरं वर येताहेत! सगळी. सगळ्यात खालच्या घराचा उंबराही लाईनच्या वर हातभर राहतो. माझा अंदाज असा कधी चुकत नाही. जीपीएस दोन मीटरनं कमी दाखवतोय, पण त्याचं काय, खेळणं ते. दगड सरकारी आहे.

चांगली बातमी हातात आली की मला भीतीच वाटते. रत्नमालाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एखाद्या वेळी नुसतं आनंदी होऊन बघा ना, काय बिघडतं?" बायको बोलली ते पटलं. उद्या सांगून टाकतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. बाया रडल्या, बाबुलालने मला उचललंच. वांगं-झिंग्यांचं कालवण, भात, वर मोठा रोहू तळलेला. डोमा इतका जेवला की डोंग्यात बसल्यावर डोंगा एका अंगाला गेला.

"मातामायनं वाचवलं," बाबुलाल सारखा म्हणत होता. मोजलं मी, काटे मला टोचले, नाव मातेचं. म्हटलं असू दे.

टेकचंद साहेबांना, म्हणजे एजन्सीच्या इनचार्जला, आकडे पाठवले. त्यांचा लगेच फोन. "व्वा! कुणाला उठवायचं नाही म्हणजे कटकटच संपली." याआधी त्यांनी माझ्या कामाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही.

२ मार्च, रविवार

प्लॉट घेता की सोडता, हे सांगायची शेवटची तारीख परवा होती. टेकवरचे सगळे डोंग्यांनी पलीकडे गेले आणि प्लॉट नको म्हणून अंगठे-सह्या करून आले. येताना पेढे आणले. मला दोन दिले, डोमाने एक पळवला.

६ मार्च, गुरुवार

आजचं सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

उत्तरेचा किनारा बाकी होता म्हणून आलो. दुपारी उन्हाचं पडवीत बसलो. यशोदाबाई जाळं विणत होत्या. सहज विचारलं, मातामायचं ठाणं घरांच्या इतकं जवळ कसं? गावाबाहेर असतं ना?

"आधी वरतंच होतं," त्या म्हणाल्या. "आमी टेकावर आलो तवा तिले कुठं बसवावं समजे ना. वरच्या मोहाखाली तो त्रिशूळवाला गोटा उभा दिसला. म्हटलं, तिनंच जागा दाखवली. तिथंच बसवलं. मंग पावसात मतारे लोक घसरून पडत. मनून दोन-तीन साल झाले, तिले खाली आनलं. डफडे वाजवत. गोटा मोठा जड, चार गड्यांनी आनला. त्याले कसा सोडावा? तिचा सोबती होता."

मी विचारलं, "सरकारी गोटा होता तो, मावशी. कुणी सांगितलं नाही?"

"कोनी आलं कुठं सांगाले? तूच आला पहिल्यांदा."

वर पळत गेलो. मोहाखाली सिमेंटचा खड्डा, चौकोनी, पाचोळ्याने भरलेला. दगडाचं मूळ घर.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. धरणावर गेज वाचणाऱ्याला फोन करून आजची पाण्याची पातळी विचारली. वारा नव्हता. पाण्याच्या काठावरून दगडापर्यंत लेव्हल चालवली, म्हणजे टप्प्याटप्प्याने उंचीचा फरक मोजत गेलो. गेजवर जे पाणी आहे, त्यापेक्षा माझ्या हिशोबात ते सव्वादोन मीटर उंच निघालं. म्हणजे एक तर वैनगंगा इथे येऊन फुगून बसली आहे, नाहीतर मी गाढव आहे.

दगड तेवढा खाली आला, म्हणजे सगळ्यात वरचं घरही बुडतं. यशोदाबाईंच्या छपराचा नुसता आढा दिसेल, तोही वारा नसेल तर.

सिमेंट दिसलं नव्हतं. मी पाहिलं होतं ना, दिसलं नव्हतं! आणि पुढे गेलो.

७ मार्च, शुक्रवार

भंडाऱ्याला जाऊन टेकचंद साहेबांपुढे कागद ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अश्वजित, रिपोर्ट गेला. वर सह्या झाल्या. लोक खूश, ऑफिस खूश. तू काहून खाजवून राहिला?"

"साहेब, माणसं बुडतील."

"पाणी काय एका रात्री येते? चढताना दिसते. पाय आहेत त्यांना." मग आवाज उतरवून म्हणाले, "चूक तुझी आहे. हे कुणाला सांगशील तर पहिला तू जाशील, मागून मी. मला दोन पोरी आहेत."

वाईट माणूस नाही. हेच तर वाईट आहे.

९ मार्च, रविवार

टेकवर जाऊन सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. दगड हलला, म्हणून माझी मोजणी चुकली, घरं बुडणार. कार्यालयात चला, मी सोबत येतो, प्लॉट परत मागू.

मग बाबुलाल उठला. "तवा माता खरी होती, आता खोटी झाली का? तिच्या गोट्यावरून मोजलं तं घर वर. आता तुमाले वरून कोनी सांगतलं असन, या लोकाईले हाकला मनून."

"बाबुलालभाऊ, गोटा हलवला तुम्हीच ना?"

"माता आपल्या पायानं येते. तुमाले काय मालूम, तुमी तं तिले मानतच नाई!"

बोलायला नको ते बोलला. मला भयंकर राग आला. मीही म्हटलं, मानत नाही, आमच्या आजोबांनी छप्पन्न सालीच सोडलं, आणि तुमची माता पोहत असेल तर बघू. हे मी बोलायला नको होतं. एका म्हाताऱ्याने मी लाईनवर ठोकलेल्या खुंट्या उपटल्या आणि पाण्यात फेकल्या. डोमाने मला ओढत डोंग्यात बसवलं.

यशोदाबाई तेवढ्या काठापर्यंत आल्या. एवढंच विचारलं, "पानी कवा येईल?"

"सप्टेंबर. धरणाचे दरवाजे टाकून बंद केले की."

"म्हंजे मोह तं होऊन जाईल," त्या म्हणाल्या आणि परत फिरल्या.

घर जातंय आणि या बाईला मोहाची पडली आहे. तिला काहीच कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

२० मार्च, गुरुवार

वरच्या कार्यालयाला स्वतःच्या नावाने लिहिलं होतं. उत्तर आलं: ग्रामस्थांची तक्रार नाही, सबब विषय बंद. ग्रामस्थांची तक्रार नाही, हे खरंच आहे. तक्रार फक्त माझी.

८ एप्रिल, मंगळवार

नोकरी अजून आहे. शेजारचं आठ नंबरचं बेट मोजतोय, तिथे कुणी राहत नाही. त्या बेटावर मला बरं वाटतं.

डोंगा सालईटेकच्या बाजूने नेला. सगळी वस्ती मोहाखाली. उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत फुलं वेचणं चाललंय, म्हातारे, बाया, सगळे. इतका मोह वाळत घातलेला मी कुठे पाहिला नाही. टेकच्या पलीकडच्या झाडांचासुद्धा सोडला नाही. डोमा म्हणाला, "दरसाल इतका नाई येचत हे." हाव सुटली आहे, दुसरं काय! यशोदाबाईंनी शेळ्याही विकल्या म्हणे. चाऱ्याला जंगल असताना शेळ्या कोण विकतं?

मी हात केला. बाबुलालने तोंड फिरवलं.

१४ जून, शनिवार

तुमसरला कामाला गेलो होतो, तिथे यशोदाबाई भेटल्या. मोह विकायला आलेल्या. पुन्हा जीव तोडून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला भजी खाऊ घातली आणि म्हणाल्या, "तू बारीक झाला बावा."

विचारलं, घर फेरलं का? पावसाच्या तोंडावर आपल्याकडे प्रत्येक जण छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, काढून पुन्हा बसवतो. त्या म्हणाल्या, "नाई फेरलं औंदा." का? "राहू दे, गळन थोडं."

आता बघा. घर बुडणार नाही अशी इतकी खात्री, आणि त्याच घराचे कवेलू फेरायचा आळस! बाबुलाल तर नवा डोंगा बांधतोय म्हणे, एवढा मोठा की त्यात बैलगाडी मावेल. त्याला एवढ्या डोंग्यात काय मासे भरायचे आहेत? या लोकांपुढे मी हात टेकले. रत्नमालाला म्हटलं, तर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या."

२५ ऑगस्ट, सोमवार

पोळा झाला. पाणी अजून खाली आहे. गेजवाल्याला रोज फोन करतो. तो आता माझा नंबर बघूनच आकडा सांगतो आणि ठेवतो.

२१ सप्टेंबर, रविवार

दरवाजे टाकले. पाणी रोज वीतभर चढतंय, कधी दोन विती. बाबुलालचा फोन लागत नाही. टेकचंद साहेबांना म्हटलं, निदान बोट पाठवा. ते म्हणाले, लाईनप्रमाणे तिथे धोका नाही. माझीच लाईन मला वाचून दाखवली.

दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं आहे. रत्नमालाची वर्षाची आस. जाईन, पण चित्त लागणार नाही. वाटतं, तिथल्या गर्दीतही मी पाण्याचा आकडाच विचारत राहीन.

५ ऑक्टोबर, रविवार

आज डोमाला घेऊन सालईटेकला निघालो. ठरवलं होतं, पाया पडेन, भांडेन, एकेकाला उचलून डोंग्यात घालेन. डोमाने शेजारच्या गावातून आणखी दोन डोंगे सांगून ठेवले होते. यावेळी तो एकदाही गंमत बोलला नाही.

अर्ध्या पाण्यात समोरून डोंगा येताना दिसला. बाबुलालचा नवा. त्यात दारं, चौकटी, कवेलूंच्या थप्प्या, जाळी, कोंबड्यांची खुराडी, माणसं. मागे आणखी दोन-तीन डोंगे. बाबुलाल वल्हवत होता. यशोदाबाई दाराच्या फळीवर बसलेल्या.

आमचे डोंगे लागले. म्हटलं, "तुम्ही निघालात?"

"मंग काय बुडाव का?" बाबुलाल म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात. थकवा होता.

"पण तुम्ही तर माझं मानलं नव्हतं. खुंट्या फेकल्या..."

यशोदाबाई म्हणाल्या, "मानलं नसतं तं घर फेरलं नसतं का? डोंगा कायले बांधला असता? तुह्या तोंडावरूनच समजलं होतं त्या दिवशी."

"मग भांडलात काहून?"

"जागा सोडून देल्ली होती ना आमी, तारीख गेली होती. तुह्यासंगं कचेरीत आलो असतो तं तेवढीच लाईन घरावर चढली असती. जागा कोनी वापस नसती देल्ली. चैतातच उठवलं असतं, बिनाजागेचं. तू गप बसावा मनून बाबुलाल बोलला. मोह भेटला, पावसाळ्याचे मासे भेटले. तेवढंच."

मी म्हणालो, "मी मिळवून दिली असती जागा. लिहिलं असतं, भांडलो असतो."

"देल्ली असती त्याईनं?" त्यांनी विचारलं. "तुले वाटते?"

सहा महिने मी यांना अडाणी म्हणत होतो, इथे, याच पानांवर. आणि मार्चपासून त्या सगळ्यांनी माझ्याकडून शिव्या खाल्ल्या, फोन घेतले नाहीत, तोंडं फिरवली, आणि पाणी येईपर्यंत एकेक दिवस वेचून घेतला. मला रडू आलं. डोमासमोर, सगळ्यांसमोर.

यशोदाबाईंनी फळीवरून वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू दुसऱ्यांदा सांगाले आला मनून डोंगा झाला, बावा. नाईतं पान्यानंच उठवलं असतं." मग थांबून म्हणाल्या, "पहिल्या बारीलेच बरोबर मोजलं असतं तं मुरमाड का होईना, जागा राह्यली असती. तेवढं मनात येते."

त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. जे आहे ते सांगितलं, भात शिजला की नाही सांगावं तसं.

कोंबड्या भिजत होत्या म्हणून बाबुलालने वल्हं मारलं. आम्ही मागून काठापर्यंत गेलो, दारं उतरवायला हात लावला. रस्त्यावर एक ट्रक उभा होता. सामान चढलं, माणसं वर बसली, ट्रक गेला. मी आणि डोमा टेकवर जाऊन आलो. पाणी यशोदाबाईंच्या पडवीत होतं, अजून चढायचं होतं. माझा मार्चचा आकडा अगदी बरोबर आहे. बोटभराचाही फरक पडणार नाही.

घरी आलो तेव्हा रत्नमाला दारातच होती.

"निघाले का सगळे?"

"निघाले."

"कुणी राहिलं नाही ना मागे?"

"नाही."

"हुश्श!" तिने पाण्याचा तांब्या दिला. "आणि गेले कुठे?"

"नागपूरकडे म्हणत होते. कुठल्याशा बिल्डिंगच्या कामावर."

"नागपुरात कुठे?"

मी विचारलंच नव्हतं.